भीमाकाठचा तत्त्वविचार

ग्रंथालयाच्या शताब्दीचा प्रसंग हा केवळ मागे वळून पाहण्याचा नसतो. शंभर वर्षे जपलेल्या ग्रंथांपैकी कोणते ग्रंथ वाचले गेले, कोणते कपाटातच राहिले आणि जे राहिले ते का राहिले, याचाही विचार अशा वेळी व्हावयास हवा. कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात कादंबरी, नाटक, चरित्र आणि प्रवासवर्णन या विभागांकडे वाचकांची पावले सहज वळतात. धार्मिक ग्रंथांचे वाचनही श्रद्धेने होते. परंतु ‘तत्त्वज्ञान’ अशी चिठ्ठी डकवलेल्या कपाटाची कुलूपकिल्ली क्वचितच फिरते. तत्त्वज्ञान हा पंडितांचा विषय, परीक्षेपुरता अथवा वार्धक्यातील विरंगुळा, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. जग समजावून घ्यावयाचे तर विज्ञान आहे, अर्थशास्त्र आहे, वृत्तपत्रे आहेत. मग तत्त्वज्ञानाचे प्रयोजन काय, असा प्रश्न सुशिक्षित माणूसही विचारतो.

या प्रश्नाचे उत्तर ग्रीस किंवा जर्मनी या देशांच्या इतिहासातून देता येईल. पण त्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. अफजलपूर तालुका आणि त्याच्या भोवतालचा कलबुर्गी, बीदर, विजयपूर व सोलापूर या जिल्ह्यांचा टापू एवढे जरी नजरेसमोर ठेवले, तरी गेल्या नऊशे वर्षांत या भूमीने जगाविषयीचे काही मूलभूत प्रश्न किती गांभीर्याने विचारले हे दिसून येते. दुष्काळाच्या छायेत वाढलेला, दोन-तीन भाषांत बोलणारा आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरलेला हा प्रदेश ‘मागास’ म्हणून ओळखला जातो. विचाराच्या बाबतीत तो तसा कधीच नव्हता, हे दाखविणे आणि त्या विचाराचे आजच्या जगण्याशी असलेले नाते तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मालकी कोठून येते?

आरंभ एका अगदी व्यावहारिक प्रश्नापासून करू. शेताची मालकी म्हणजे काय? बापाच्या जमिनीवर मुलाचा हक्क केव्हा निर्माण होतो? बाप गेल्यावर, की मूल जन्माला आल्याबरोबर?

चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण येथे विज्ञानेश्वर या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे त्याचे गाव मानले जाते. मिताक्षरेला आपण कायद्याचा ग्रंथ म्हणून ओळखतो आणि ते खरेही आहे. पण दायविभागाच्या आरंभी विज्ञानेश्वर जी चर्चा करतो ती निखळ तत्त्वज्ञानाची आहे. त्याचा प्रश्न असा : ‘स्वत्व’, म्हणजे एखादी वस्तू एखाद्याची असणे, ही गोष्ट केवळ शास्त्रानेच कळणारी आहे की लौकिक आहे? शास्त्राने सांगितले म्हणूनच मालकी निर्माण होत असेल, तर शास्त्र न जाणणाऱ्याला मालकीही असू नये. याउलट मालकी लोकव्यवहारातूनच सिद्ध होत असेल, तर शास्त्राचे काम तिची व्यवस्था लावण्यापुरते राहते.

विज्ञानेश्वर दुसरा पक्ष स्वीकारतो. त्यासाठी तो जी कारणे देतो त्यांपैकी एक या टापूतील वाचकांना विशेष मनोवेधक वाटेल. तो म्हणतो की, शास्त्रव्यवहार ज्यांनी कधी पाहिलेला नाही अशा प्रत्यंतवासी, म्हणजे सीमेवरच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते आणि ‘हे माझे, ते तुझे’ असा व्यवहार आढळतो. तेव्हा मालकी ही लौकिकच होय. शास्त्राच्या केंद्रस्थानी बसलेल्या पंडिताने सीमेवरच्या अडाणी माणसाचा व्यवहार पुरावा म्हणून मांडावा आणि त्यावर सिद्धान्त उभारावा, ही साधी गोष्ट नव्हे. लोकव्यवहारातूनच मालकी कळते असे ठरल्यावर पुढची पायरी येते. मुलाचा पितृधनाशी संबंध जन्मतःच असल्याचे लोकांत प्रसिद्ध आहे. म्हणून वडिलार्जित मालमत्तेत त्याचा हक्क जन्माने निर्माण होतो. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ ग्रंथाने नेमका उलटा निर्णय दिला. तेथे मुलाचा हक्क पित्याच्या पश्चात निर्माण होतो.

हा वाद मठाच्या भिंतींत राहिला नाही. बंगाल व त्याच्या शेजारचा काही भाग सोडल्यास भारताच्या बहुतेक प्रदेशांत हिंदू कुटुंबांची वाटणी मिताक्षरेच्या तत्त्वाने होत आली. कोलब्रुकने १८१० साली तिच्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ब्रिटिश न्यायालये त्याचा आधार घेऊ लागली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानेही मिताक्षरा सहदायकी रद्द न करता तिला मुरड घातली. मात्र ‘जन्माने हक्क’ या तत्त्वातील जन्म हा केवळ मुलाचाच का मोजावा, हा प्रश्न आठ शतकांहून अधिक काळ बाजूला पडला होता. महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी १९९४ मध्ये अमलात आणलेल्या दुरुस्त्यांनी मुलींना सहदायकीत स्थान दिले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते देशभर दिले आणि हा हक्क जन्मानेच प्राप्त होत असल्यामुळे दुरुस्तीच्या दिवशी पिता हयात असण्याची अट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. म्हणजे भीमाकाठच्या एखाद्या गावातील लेक आज सातबाऱ्यावर अथवा पहाणीपत्रकावर आपले नाव लावून मागते, तेव्हा तिच्या मागणीमागे कल्याण नगरीत लिहिलेला एक तात्त्विक युक्तिवाद उभा असतो. त्या युक्तिवादाची मर्यादा तोडून त्याच्याच तत्त्वाचा विस्तार येथे झालेला आहे.

इंग्लंडमध्ये जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मालकीचे मूळ माणसाच्या श्रमात शोधले आणि त्या विचाराने युरोप-अमेरिकेच्या राज्यघटनांवर खोल छाप पाडली. लॉक आपल्या पाठ्यपुस्तकांत येतो, विज्ञानेश्वर येत नाही. दोघांचे उत्तर वेगळे आहे, परंतु प्रश्न एकच आहे. जगात रोज घडणाऱ्या एका साध्या व्यवहाराच्या मुळाशी जाऊन ‘हे असे का?’ असे विचारणे म्हणजेच तत्त्वज्ञान, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

जाणण्याचा अधिकार कोणाचा?

विज्ञानेश्वराला पाऊणशे वर्षे होत नाहीत तोच, त्याच कल्याणात, कलचुरी बिज्जळाच्या राजवटीत दुसरा प्रश्न उभा राहिला. ज्ञान मिळविण्याचा अधिकार कोणाचा आणि ज्ञानाची कसोटी कोणती? बसवेश्वर, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि त्यांचे सहकारी यांच्या गोष्ठींना परंपरेने ‘अनुभवमंटप’ हे नाव दिले. या नावातच उत्तर आहे. तेथे प्रमाण होते ते अनुभवाचे. चांभार, नावाडी, कातकाम करणारी स्त्री अशांना तेथे वचन करण्याचा व प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. संस्कृताऐवजी बोलीतील कन्नड हे चिंतनाचे माध्यम झाले. ‘कायक’ या संकल्पनेने अंगमेहनतीला पूजेची प्रतिष्ठा दिली.

मंगळवेढे हे कलचुरींचे आधीचे ठाणे. बसवेश्वरांचा पूर्वायुष्यातील काळ तेथे गेला असे परंपरा सांगते. पुढे चोखामेळ्याचे मंगळवेढेही तेच. म्हणून वचनसाहित्याला परक्या भाषेतील गोष्ट समजून बाजूस ठेवणे मराठी वाचकाला परवडणारे नाही.

हे मंथन शांततेत चालू राहिले नाही. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांच्या विवाहावरून कल्याणात भयंकर उत्पात झाला, त्या दोन पित्यांना मृत्युदंड मिळाला आणि शरणांची पांगापांग झाली, असा वृत्तान्त परंपरेने जपला आहे. तत्त्वज्ञान म्हणजे निरुपद्रवी बौद्धिक करमणूक, असे ज्यांना वाटते त्यांनी कल्याणच्या या शोकान्तिकेचा विचार करावा. ज्ञानाचा अधिकार सर्वांना आहे, हे विधान कागदावर सोपे दिसते. ते घरात व पंगतीत उतरले की समाजाची जुनी चौकट हादरते.

भेद खरा की अभेद?

चौदाव्या शतकाकडे वळू. मंगळवेढ्याच्या सरदार घराण्यातील एक तरुण घोड्यावर बसून भीमेच्या पात्रात शिरला आणि खाली न उतरताच जनावराप्रमाणे पाण्याला तोंड लावून प्यायला. तीरावर बसलेल्या अक्षोभ्यतीर्थांनी त्याला एक प्रश्न केला आणि त्या प्रश्नाने त्याचे आयुष्य पालटले, अशी आख्यायिका माध्व परंपरेत सांगितली जाते. हा तरुण म्हणजे पुढे ‘टीकाचार्य’ म्हणून ख्याती पावलेले जयतीर्थ. कागिणा नदीकाठच्या मळखेड येथे त्यांचे वृंदावन पूजिले जाते. हेच मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची मान्यखेट राजधानी. जयतीर्थांचा ‘न्यायसुधा’ हा ग्रंथ इतका थोर मानला गेला की, माणसाने एक तर सुधेचे अध्ययन करावे अथवा पृथ्वीचे राज्य करावे, अशा अर्थाचे वचन पंडितांत रूढ झाले.

जयतीर्थांचा ‘प्रमाणपद्धती’ हा लहानसा ग्रंथ सामान्य वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याला कळते ते कशाने कळते, चूक कशी होते आणि ती कशी ओळखावी, याचे ते पाठ्यपुस्तकच होय. प्रत्यक्ष, अनुमान व आगम ही तीन प्रमाणे. त्यांतही आगमाला स्वतः ज्या ज्ञानावर उभे राहावयाचे आहे त्यालाच खोटे ठरविता येत नाही, असा द्वैत दर्शनाचा आग्रह आहे. जग खरे आहे आणि जगातील भेदही खरे आहेत, ही त्यांची भूमिका. ईश्वर व जीव, ईश्वर व जड, जीव व जीव, जीव व जड, जड व जड या पाच भेदांना कल्पना म्हणून झटकून टाकता येणार नाही, असे माध्व आचार्य सांगतात. मराठी वाचकाच्या कानावर संतवाङ्मयातून अद्वैत इतके पडलेले असते की, त्याला हा युक्तिवाद प्रथम खटकतो. पण प्रतिपक्ष समजल्याखेरीज स्वपक्षही नीट कळत नाही, हा आपल्याच शास्त्रकारांचा नियम आहे.

याच सुमारास कलबुर्गीत एक विलक्षण योग जुळून आला. १४०० च्या आसपास दिल्लीकडून आलेले वयोवृद्ध सूफी ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज बहमनी सुलतान फिरोजशाहाच्या राजधानीत स्थायिक झाले आणि १४२२ साली तेथेच पैगंबरवासी झाले. सूफी पंथात इब्न अरबीच्या ‘वहदत-उल-वुजूद’ म्हणजे अस्तित्वाच्या एकत्वाच्या सिद्धान्ताचा मोठा प्रभाव होता. गेसूदराजांनी त्या सिद्धान्तावर आक्षेप घेतले. भक्त आणि भगवंत यांतील अंतर पुसून टाकणारी भाषा त्यांना मान्य नव्हती. मळखेड आणि कलबुर्गी यांच्यात जेमतेम ४० किलोमीटरांचे अंतर. एकीकडे संस्कृतातून अद्वैताची चिकित्सा आणि पाठोपाठच्या पिढीत दुसरीकडे फारसीतून तशाच एकत्ववादाची चिकित्सा. या दोन धारांनी एकमेकींचे ग्रंथ वाचले असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. एकच प्रश्न दोन भिन्न धर्मांच्या विचारवंतांना आपापल्या मार्गाने पडावा, यातून त्या प्रश्नाचे मानवी सर्वसामान्यत्व सिद्ध होते. ‘हिंदू विचार’ आणि ‘मुस्लिम विचार’ अशा दोन बंद पेट्या करून इतिहास वाचणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे.

सिद्ध आणि नामधारक

आता अफजलपूर तालुक्यातीलच गाणगापूर. भीमा व अमरजा यांच्या संगमावरील या क्षेत्री कारंज्याचे नृसिंहसरस्वती औदुंबर आणि नरसोबावाडी येथील वास्तव्यानंतर येऊन राहिले. त्यांचे चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधरांचा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ महाराष्ट्राच्या घराघरांत सप्ताहपद्धतीने वाचला जातो. सरस्वती गंगाधर हे कडगंचीच्या सायंदेवाच्या वंशातील असे ग्रंथपरंपरा मानते. त्यांची मातृभाषा कन्नड असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. ग्रंथात कन्नड पदेही आली आहेत. ज्या कडगंचीच्या परिसरात मराठीतील हा ओवीबद्ध ग्रंथ जन्मला असे मानतात, तेथेच २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर आज उभा आहे.

पारायणाच्या ओघात गुरुचरित्राच्या रचनेकडे आपले लक्ष जात नाही. हा ग्रंथ एका शंकेखोर शिष्याच्या प्रश्नांवर उभा आहे. नामधारक विचारतो आणि सिद्ध उत्तर देतो. एक उत्तर संपले की नामधारकाला नवा प्रश्न पडतो. हा प्रश्नकर्ता नसता तर ग्रंथच झाला नसता. पंचविसाव्या अध्यायापासून पुढे येणारी एक कथा तर ज्ञानाच्या स्वरूपाचीच चर्चा करते. विदुरा नगरीच्या म्हणजे बीदरच्या यवन राजाकडून गौरव झालेले दोन वेदज्ञ गावोगाव वाद करून जयपत्रे गोळा करीत हिंडतात. कुमसीचे त्रिविक्रमभारती त्यांना गाणगापुरी आणतात. वाद टाळण्याचा उपदेश ते ऐकत नाहीत. अखेर रस्त्याने जाणाऱ्या एका अंत्यजाला बोलावून सात रेषा ओलांडावयास लावले जाते आणि त्याच्याच मुखातून वेद उमटतात. जिंकण्यासाठी मिळविलेली विद्या ही विद्या नव्हे, हा कथेचा आशय आजच्या दूरदर्शनवरील चर्चांनाही तितकाच लागू पडतो.

तथापि कथेचा पुढचा भाग डोळसपणे वाचला पाहिजे. तो मनुष्य घरी परत जावयास तयार नसतो. तेव्हा त्याच्या अंगावरील भस्म धुवून त्याची स्मृती नाहीशी केली जाते आणि त्याला पूर्वस्थितीत पाठविले जाते. कर्मविपाकाच्या कल्पनेने त्याचे समर्थनही होते. म्हणजे ज्ञान क्षणभर कोणाच्याही मुखातून प्रकटू शकते, पण सामाजिक पायरी मात्र जेथल्या तेथे राहते. याच परिसरात तीन शतकांपूर्वी अनुभवमंटपाने याच्या उलट उत्तर दिले होते. श्रद्धेने पारायण करणाऱ्या वाचकाने हा विरोध पाहण्यास भिऊ नये. दोन्ही ग्रंथपरंपरा शेजारी ठेवून वाचल्या तरच आपल्या समाजाने कोणता प्रश्न सोडविला आणि कोणता टाळला, हे कळते. पूजनीय ग्रंथाला प्रश्न विचारल्याने त्याचा अवमान होत नाही. नामधारकाने तेच केले होते.

एकोणिसाव्या शतकात हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या ‘सकलमत’ संप्रदायाची भूमिका अशी की, प्रत्येक मत आपापल्या जागी सत्याकडे नेणारे आहे. म्हणून एकाचे मंडन करण्यासाठी दुसऱ्याचे खंडन आवश्यक नाही. मराठी, कन्नड, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत त्यांनी पदे केली आणि त्यांच्या दरबारात हिंदू-मुसलमान दोघेही येत. निजामी राज्यातील या सरहद्दीवरच्या समाजाला एकत्र नांदविणारी ही व्यावहारिक युक्ती होतीच, पण तिच्या मुळाशी सत्याच्या स्वरूपाविषयी एक निश्चित सिद्धान्त होता, हे विसरून चालणार नाही.

निंबाळचे प्राध्यापक

या दीर्घ परंपरेचा आधुनिक विद्यापीठीय तत्त्वज्ञानाशी सांधा जुळविला तो रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांनी. ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे जन्मलेल्या रानड्यांना विद्यार्थिदशेतच, १९०१ साली, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह झाला. ही निंबरगीच्या गुरुलिंगजंगम महाराजांची परंपरा. लिंगायत गुरू, ब्राह्मण शिष्य आणि कन्नड-मराठी अशी दुहेरी बोली, असे तिचे स्वरूप होते. तारुण्यातील एका गंभीर दुखण्याने रानड्यांचे मन साधनेकडे अधिक वळले. तथापि त्यांनी बुद्धीची कास सोडली नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन, ग्रीक तत्त्वज्ञानाचा मुळातून अभ्यास, १९२४ च्या सुमारास ‘अकॅडमी ऑफ फिलॉसफी अँड रिलिजन’ची स्थापना आणि १९२७ पासून अलाहाबाद विद्यापीठातील प्राध्यापकपद, असा त्यांचा प्रवास आहे. त्याच विद्यापीठाचे ते पुढे कुलगुरूही झाले. पण सुटी लागली की ते सोलापूर–विजयपूर लोहमार्गावरील निंबाळ या लहानशा स्थानकावर उतरत. निवृत्तीनंतर ते तेथेच राहिले आणि ६ जून १९५७ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. अफजलपूर तालुक्याला लागून असलेल्या इंडी तालुक्यातील हे गाव त्या काळी जगभरच्या तत्त्वज्ञांना पत्रव्यवहारापुरते तरी परिचित झाले होते.

रानड्यांचा १९२६ चा उपनिषदांवरील इंग्रजी ग्रंथ वाचताना त्यांची दृष्टी ध्यानात येते. उपनिषदे एकेक घेऊन त्यांचा सारांश सांगण्याऐवजी त्यांनी सृष्टीची उत्पत्ती, मनाचे स्वरूप, अंतिम सत्य, नीती अशा समस्यांभोवती सात प्रकरणांत विषय मांडला. उपनिषदांतील ऋषी विचार कसा करतात, याचे त्यांनी दहा पद्धतींत वर्गीकरण केले. कोठे कूटप्रश्न, कोठे व्युत्पत्ती, कोठे कथा, कोठे दृष्टान्त, कोठे संवाद. श्रद्धेय ग्रंथ हे आयत्या उत्तरांचे भांडार नसून विचार करण्याच्या रीतींचे भांडार आहे, असे त्यांनी दाखवून दिले. १९३३ साली प्रसिद्ध झालेला महाराष्ट्रातील गूढवादावरील त्यांचा ग्रंथ हा ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांना तत्त्वज्ञानाच्या जागतिक चर्चेत स्थान देणारा पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होय. कन्नड संतांवरील त्यांचे व्याख्यानात्मक विवेचन त्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये ग्रंथरूपाने आले. एकाच लेखणीने तुकाराम आणि बसवेश्वर, प्लेटो आणि हेराक्लायटस यांच्याशी संवाद केला. त्यांचा मुख्य सिद्धान्त असा की, साक्षात्काराची अंतःप्रज्ञा ही बुद्धी, भावना व इच्छा यांची शत्रू नव्हे. ती या तिघींना पोटात घेऊन त्यांच्या पलीकडे जाते.

या सिद्धान्ताविषयी मतभेद संभवतो. एकाचा आंतरिक अनुभव दुसऱ्यासाठी प्रमाण कसा व्हावा, हा आक्षेप बुद्धिवादी घेतात आणि तो हलका नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विचारवंतांनी धर्माची जी चिकित्सा केली ती रानड्यांच्या शेजारी ठेवून वाचावी. दोहोंचे एकाच कपाटात असणे हे ग्रंथालयाचे वैभव आहे.

याच गुरुपरंपरेतील भाऊसाहेब महाराजांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज आणि त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७ ते १९८१). निसर्गदत्तांचे मुंबईत विड्यांचे दुकान होते. खेतवाडीतील एका माळ्यावर ते मराठीतून प्रश्नोत्तरे करीत. मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचे इंग्रजी भाषांतर १९७३ साली प्रसिद्ध केले आणि जगाच्या निरनिराळ्या भागांतून जिज्ञासू त्या माळ्यावर येऊ लागले. भीमेच्या खोऱ्यातील निंबरगीत उगम पावलेला विचार अशा रीतीने जगभर पोहोचला, तोही विद्यापीठाच्या पदवीशिवाय आणि आपल्या बोलीतून.

आज प्रयोजन काय?

या सर्व विवेचनातून काय निष्पन्न होते? विज्ञानाने जगाविषयीचे आपले ज्ञान अपार वाढविले आहे आणि जुन्या दर्शनांतील सृष्टिविषयक कल्पनांपैकी कित्येक त्याने निकालात काढल्या आहेत. ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु मालकी कोणाची, जाणण्याचा अधिकार कोणाला, पुरावा कशास म्हणावे, भेद कोठे खरा आणि कोठे लादलेला, परमतासह कसे राहावे, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत. शिवाय ते टाळताही येत नाहीत. जो माणूस त्यांचा विचार करीत नाही तोही त्यांची उत्तरे देतच असतो, फक्त ती उत्तरे त्याला दुसऱ्या कोणी नकळत शिकविलेली असतात. तत्त्वज्ञानाचे काम ही उसनी उत्तरे तपासून पाहण्याचे आहे.

दुसरा निष्कर्ष पद्धतीविषयीचा. मिताक्षरेतील पूर्वपक्ष व सिद्धान्त, शरणांच्या गोष्ठी, गेसूदराजांच्या बैठकींची नोंदविलेली वचने, सिद्ध-नामधारकांचा संवाद, निसर्गदत्तांची प्रश्नोत्तरे : रूपे भिन्न असली तरी या सर्वांत एक माणूस विचारतो आणि दुसरा ऐकून घेतो. या परिसरातील तत्त्वज्ञान एकट्याच्या स्वगतातून नव्हे, तर संवादातून वाढले आहे.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि तो सीमाभागातील मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे विभाजन होऊन कलबुर्गी व बीदर हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतरच्या पिढ्या कन्नड आणि इंग्रजी माध्यमांतून शिकल्या. येथील मराठी अनेक घरांत देवघरापुरती आणि लग्नपत्रिकेपुरती उरली आहे. याची खंत स्वाभाविक आहे. पण भाषा केवळ अभिमानाने टिकत नाही. तिच्यात विचार होत राहिला तरच ती टिकते. भावनेची भाषा मराठी आणि विचाराची भाषा दुसरी, अशी वाटणी झाली की मराठी हळूहळू आठवणींची भाषा होऊन जाते. अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. साने गुरुजी तरुणपणी तेथेच अध्ययनासाठी आले होते. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली १९७४ साली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत सिद्ध झाला. मराठीत तात्त्विक विचार करता येतो की नाही, हा वाद या कार्याने संपविला आहे. उरला आहे तो वाचकांचा प्रश्न. त्याचबरोबर हेही स्पष्ट केले पाहिजे की, भीमाकाठची मराठी कन्नडाच्या सोबतीने वाढली आहे. गुरुचरित्रकारांपासून रानड्यांपर्यंत कोणालाही एका भाषेवर प्रेम करण्यासाठी दुसरीचा दुस्वास करावा लागला नाही. वचने मूळ कन्नडातून वाचू शकणारा मराठी वाचक ही या टापूची खास संपत्ती आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती सहजासहजी लाभत नाही.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर एक सूचना करावीशी वाटते. महिन्यातून एकदा सभासदांनी एकत्र बसावे, एकच प्रश्न घ्यावा आणि त्यावर दोन विरुद्ध मतांचे ग्रंथ समोर ठेवावेत. ‘जन्माने हक्क’ या विषयावर मिताक्षरा आणि नवा कायदा, ज्ञानाच्या अधिकारावर वचने आणि गुरुचरित्र, अनुभवाच्या प्रामाण्यावर रानडे आणि तर्कतीर्थ. घरातील मुलामुलींना सोबत आणावे. त्यांनी कन्नडातून किंवा इंग्रजीतून प्रश्न विचारला तरी तो अडवू नये. उत्तर मराठीतून द्यावे, म्हणजे पुढचा प्रश्न मराठीतून येण्याची शक्यता राहील. यासाठी मोठ्या निधीची वा सभागृहाची आवश्यकता नाही. कपाटाची किल्ली, एक मोठे मेज आणि दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सवय, एवढ्या तीन गोष्टी पुरेत.

शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या चालकांचे, देणगीदारांचे आणि वर्गणी वेळेवर भरून संस्था जगविणाऱ्या सामान्य सभासदांचे ऋण मोठे आहे. ते फेडण्याचा मार्ग एकच, की जपलेले ग्रंथ उघडावेत. सिद्धाकडे उत्तरे पुष्कळ होती, पण ग्रंथ पुढे गेला तो नामधारकाने विचारल्यामुळे. पुढील शंभर वर्षांत या ग्रंथालयाला असे विचारणारे वाचक उदंड लाभोत, ही शुभेच्छा.